आधी फिल्म दाखव, मग पीसी!

आई-बाबा, दहावी-बारावीचे निकाल लागले की माझा फोन खणखणायला लागतो. “पोरगी व्हिडिओ एडिटिंगसाठी पीसी मागतेय. यादी लाखाच्या वर गेलीय. खरंच लागतं का हो एवढं, की गेम खेळायचेत?” माझ्याकडे एडिटिंग शिकणाऱ्या मुलांच्या आई-बाबांपैकी बऱ्याच जणांच्या मनात ही शंका असते. ती मुलांसमोर बोलून दाखवली की घरात ठिणगी पडते, म्हणून आज जरा आपल्या-आपल्यात बोलू.

शंका अगदीच निराधार नाही. मुलांनी आणलेली यादी पुष्कळदा गेमिंगच्या पीसीचीच असते. १४४ हर्ट्‌झचा मॉनिटर, काचेचं कॅबिनेट, दिव्यांचे पंखे आणि निम्मं बजेट खाणारं ग्राफिक्स कार्ड. पण म्हणून मूल लबाडी करतंय असं समजू नका. यूट्यूबवर पीसी जुळवून दाखवणारे व्हिडिओ मुख्यतः गेमिंगचेच. मुलांनी दुसरं कुठून शिकायचं? तेव्हा यादीवर कात्री चालवण्याआधी काम बघा.

दोनच गोष्टी विचारा. आजवर पूर्ण केलेली एखादी फिल्म दाखव, आणि शूटिंग कशावर करतेस ते सांग. फोनवर कापून जोडलेली तीन मिनिटांची फिल्म असली तरी पुरे. अर्धवट सोडलेल्या दहा फाइलींपेक्षा ती एक मोलाची.

दुसरा प्रश्न थेट पैशांशी जोडलेला आहे, कारण मशीन अडतं ते फुटेजमुळे. आजचे बरेच फोन जागा वाचवायला एचईव्हीसी पद्धतीनं व्हिडिओ दाबून साठवतात. त्यात प्रत्येक फ्रेम पूर्ण नसते. बऱ्याच फ्रेममध्ये शेजारच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच लिहिलेलं असतं. सलग बघताना काही जाणवत नाही. एडिटिंगमध्ये मात्र सतत मागे-पुढे उड्या माराव्या लागतात, आणि दर उडीला मशीन आसपासच्या फ्रेम उलगडून हवी ती उभी करतं. चित्र अडखळतं ते तिथे.

आता एक काम करा. एखाद्या संध्याकाळी घरातल्या आहे त्या कॉम्प्युटरवर लेकीला तिचं एडिटिंग उघडायला सांगा आणि शेजारी खुर्ची ओढून बसा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्समध्ये जा, टाइमलाइन चालू करा आणि आलेख बघा. मेमरी काठोकाठ भरली असेल तर रॅम कमी पडतेय. डिस्क शंभर टक्क्यांवर अडकली असेल तर जुनी हार्ड डिस्क दमलीय. सीपीयू शंभरवर आणि जीपीयूखालचा व्हिडिओ डिकोडचा आलेख सपाट पडला असेल, तर फुटेज उलगडायचं सगळं ओझं प्रोसेसरच वाहतोय. कुठे खर्च करायचा ते तुम्हा दोघींना किंवा दोघांना एकाच पडद्यावर कळेल, आणि भांडणाचं कारणच उरणार नाही.

बरेचदा नव्या पीसीची गरजच नसते. ८ जीबी रॅमची १६ केली, हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली, की तोच कॉम्प्युटर अजून वर्ष-दोन वर्षं काढतो. शिवाय प्रॉक्सीची सोय आहे. सॉफ्टवेअर फुटेजच्या हलक्या प्रती करून देतं, एडिटिंग त्यांच्यावर करायचं आणि शेवटी एक्स्पोर्ट होताना मूळ फुटेज वापरलं जातं. दा विंची रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीतही हे होतं. त्यातून ४के फिल्म निघते आणि साध्या कामावर वॉटरमार्क येत नाही. म्हणून दुकानदार “प्रीमियर टाकून देतो, क्रॅक आहे” म्हणाला तर हात जोडा. त्याच्यासोबत व्हायरसही येऊ शकतो.

नवा पीसी घ्यायचाच ठरला तर क्रम असा ठेवा. आधी प्रोसेसर. इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये क्विक सिंक नावाचा भाग असतो, तो फुटेज उलगडायचं काम झपाट्यानं करतो. नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेल्या मॉडेलमध्ये, म्हणजे १२४०० ऐवजी १२४००एफ, हे ग्राफिक्सच नसतं. थोड्या पैशांसाठी दुकानदार हटकून एफ सुचवतो. गेमिंगला चालतं, आपल्याला नको. त्यानंतर रॅम: १६ जीबी किमान, ३२ असेल तर निवांत, आणि एका पट्टीऐवजी सारख्या दोन. मग एसएसडी. आयफोनचं ४के, ६० फ्रेमचं फुटेज मिनिटाला साधारण ४०० एमबी होतं, म्हणजे तासाला २४ जीबी. एक मुंज शूट केली की ५१२ जीबीची डिस्क धापा टाकायला लागते. १ टीबी घ्या आणि झालेलं काम ठेवायला जुनी हार्ड डिस्क बाहेर लावा. ग्राफिक्स कार्डाचा नंबर शेवटचा. बाकीचं नीट घेतलं तर ते पुढच्या वर्षी घातलं तरी चालतं.

मॉनिटर १४४ हर्ट्‌झचा नसला तरी काही बिघडत नाही. आयपीएस पॅनेल हवं आणि एसआरजीबीचे जवळपास सगळे रंग दाखवणारा हवा. नाहीतर लेक तासन्‌तास रंग जुळवेल आणि फोनवर नवरीचा शालू भलताच दिसेल. मॅकचा हट्ट असेल तर ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेला एम४ मॅक मिनी १६ जीबीपासून सुरू झाला आणि या कामाला चांगलाच आहे. फक्त त्याची मेमरी नंतर वाढवता येत नाही, हे घेतानाच लक्षात ठेवा.

लॅमिंग्टन रोडला जा किंवा तुमच्या गावातल्या दुकानात, कोटेशनमधल्या दोन ओळी मात्र चष्मा लावून वाचा. एक, नुसतंच ‘आय-सेव्हन’. पिढी लिहिलेली नसेल तर विचारा. २०१३ चा आय-सेव्हन ४७७० सुद्धा आय-सेव्हनच आहे. तो एचईव्हीसीपुढे हात टेकतो आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीतही नाही. साधारणपणे इंटेलची आठव्या पिढीपासून पुढचीच मशीन त्यात बसतात. विंडोज १० चा नेहमीचा आधार तर १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. दुसरी ओळ, ‘एसएमपीएस ४५० वॉट’, म्हणजे पॉवर सप्लाय, आणि कंपनीचं नाव नाही. काटछाट इथेच होते, आणि हाच भाग फुटला तर बाकीच्यांनाही घेऊन जातो. नाव, वॉरंटी आणि जीएसटीचं बिल मागाच.

घरचा इन्व्हर्टर असेल तर त्याच्यावरचं यूपीएस मोडचं बटण चालू आहे का बघा. नाहीतर लाइट गेल्या क्षणी मशीन रीस्टार्ट होईल आणि सेव्ह न केलेलं काम जाईल. इन्व्हर्टर नसेल तर छोटा यूपीएस घ्या. तो सिनेमा पूर्ण करू देणार नाही, पण सेव्ह करून मशीन बंद करायला वेळ देईल.

आणि दुकानात तुम्ही मागे उभे राहा. पिढी कुठली, एफ का नको, एसएमपीएस कुणाचा, हे दुकानदाराला लेकच विचारू दे. तिला नीट विचारता आलं, तर समजा पैसे योग्य हातात जातायत. नाही आलं, तर त्या दिवशी बिल करू नका. चहा घ्या, घरी या, आणि तिला आठवडाभर अभ्यास करायला सांगा.