आधी वेज, मग ड्रायव्हर

बाळा, गोल्फचा नवा ड्रायव्हर घ्यायला निघालायस, तर आधी माझं ऐक. पार ७२ च्या मैदानावर हिशेबातच पटरचे ३६ फटके धरलेले असतात. त्यात चिप आणि बंकरमधले फटके मिळव, म्हणजे स्कोअर कुठे बिघडतो ते कळेल. म्हणून वेज आणि पटर आधी मापात करून घे.

लॉफ्ट, म्हणजे पात्याचा कल, मोजून घे. पिचिंग वेजवर नुसतं ‘पी’ असतं. ते कुठे ४४ अंश निघतं, तर जुन्या संचात ४८. तिथून पुढे चार ते सहा अंशांच्या पायऱ्या ठेव. पिचिंग ४५ असेल, तर ५० आणि ५५ घे. बॅगेत १४ च क्लब चालतात, तेव्हा वेजला जागा हवी तर लांबचा एक काढ.

बाउन्स, म्हणजे वेजच्या तळाचा कोन, जमिनीप्रमाणे निवड. १९३२ साली गोल्फपटू जीन साराझेनने वेजच्या तळाला धातूची भर घातली, त्यामुळे पातं वाळूत रुतायचं थांबलं. त्याच वर्षी त्याने ब्रिटिश ओपन जिंकली. आपल्याकडे पावसाळ्यात जमीन मऊ असते, तिथे दहा अंशांच्या वरचा बाउन्स कामाला येतो. मे महिन्यातल्या कडक जमिनीवर तोच वेज उसळून चेंडूच्या पोटात बसतो. तिथे सहाच्या आसपासचा बरा. पण तू मुळात खोल खणणारा असशील, तर बाउन्स फार कमी करू नकोस.

लाय, म्हणजे दांडीचा जमिनीशी कोन, तपासायला चेंडूवर मार्करने जाड रेघ ओढ. ती पात्याकडे उभी ठेवून फटका मार. पात्यावर रेघ सरळ उमटली तर ठीक. कलली तर लाय चुकलाय. उजव्या हाताच्या खेळाडूच्या पात्याचं टोक वर राहिलं, की चेंडू डावीकडे जातो. लॉफ्ट जितका जास्त, तितकी ही चूक मोठी. फिटर पकडीत धरून एक-दोन अंश वाकवून देतो. मात्र लॉफ्ट कमी केला तर बाउन्सही तेवढाच घटतो, हे लक्षात ठेव.

पटर हातात धरल्यावर हात सैल लोंबले पाहिजेत आणि डोळे चेंडूच्या वर किंवा जरा आत यायला हवेत. त्यासाठी कुणाला ३३ इंच पुरतात, कुणाला ३५ लागतात.

आणि वेजची परीक्षा मॅटवर घेऊ नकोस. मॅटवर पातं घसरून जातं आणि मागून लागलेला फटकाही चांगला वाटतो. गवतावर, तुझ्या नेहमीच्या चेंडूनेच मारून बघ. पैसे त्यानंतर मोज.