मते तीच, जागा वेगळ्या

निवडणूक आली की उमेदवार कोण आणि पक्ष कोणता एवढेच आपण विचारतो. मतदानाची पद्धत कोणती, हे सहसा कोणी विचारीत नाही. वास्तविक किती उमेदवार उभे करावेत हेही तीच ठरविते.

१९३७ साली मुंबई प्रांताच्या विधानसभेत १७५ पैकी १५ जागा अस्पृश्यांसाठी राखीव होत्या. त्या बहुसदस्य मतदारसंघांत होत्या. तेथे जितक्या जागा तितकी मते मतदाराला मिळत आणि ती सर्व एकाच उमेदवाराला देता येत. यास संचयी मतदान म्हणतात.

पाटीवर हिशेब मांडा. जागा तीन, मतदार १,०००. लहान पक्षाचे २६० मतदार आपली तिन्ही मते एकालाच देतात. त्याला ७८० पडतात. उरलेल्या ७४० जणांच्या पक्षाने तिघे उभे केले तर प्रत्येकी ७४० च येतात. लहान पक्षाचा एक निवडून आलाच! पण त्याने हौसेने दोघे उभे केले, तर प्रत्येकी ३९०, आणि दोघेही पडले. स्वतंत्र मजूर पक्षाने १७ च उमेदवार दिले व त्यांतील बहुतेक निवडून आले, ते उगीच नव्हे.

१९५२ साली लोकसभेचे ८६ मतदारसंघ द्विसदस्य होते. मते दोन, परंतु दोन्ही एकाला देण्यास बंदी. आता आपले २६० म्हणजे २६० च. दुसऱ्या मतासाठी जोडीदार शोधणे भाग पडले. उत्तर मुंबईत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने समाजवादी पक्षाशी हात मिळविला. राखीव जागेवर बाबासाहेब, सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता. काँग्रेसचे काजरोळकर यांना १,३८,१३७ आणि बाबासाहेबांना १,२३,५७६ मते पडली. मेहतांपेक्षाही बाबासाहेबांची मते कमी भरली. जोडीदाराची मते आपोआप आपली होत नसतात. ७४,३३३ मतपत्रिका बाद झाल्या, अशी तक्रार दोघांनी निवडणूक याचिकेत केली होती. पुढे १९५५ साली भाषिक राज्यांवरील पुस्तकात बाबासाहेबांनी दोन-तीन सदस्यांचे मतदारसंघ आणि संचयी मतदान हाच उपाय सुचविला.

घडले उलटेच. १९५७ साली आंध्रातील पार्वतीपुरम येथे दोन्ही जागा आदिवासी उमेदवारांनी जिंकल्या व व्ही. व्ही. गिरी पराभूत झाले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. १९६१ च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघच रद्द झाले. तेव्हापासून राखीव मतदारसंघात उमेदवार सारे अनुसूचित जातीचे असतात, पण बहुसंख्य मतदार बहुधा इतर असतात, आणि तिकीट देताना पक्ष त्यांचीच पसंती आधी पाहतात.