ग्रुपवर "काय मारू?" सोबत "काय झालं?" पण टाका



आपल्या ग्रुपवर रोज कापूस, पपई, केळीचे फोटो येतात. प्रश्न एकच, "काय मारू?" उत्तर मिळतं, पण गुण आला का ते नंतर कोणी सांगत नाही. वावरात कोणी नवी युक्ती केली, तर ती बांधावरच राहते.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड (ता. नागभीड) गावचे दादाजी खोब्रागडे छोटे शेतकरी. १९८३ मध्ये धानात त्यांना वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांचं बी वेगळं ठेवून ते दरवर्षी निवडत गेले. त्यातून एचएमटी तांदूळ आला. बियाणं हातोहात दूरवर गेलं, पण सोबत दादाजींचं नाव गेलं नाही. देशपातळीवर दखल घ्यायला पुढे बरीच वर्षं गेली.

तेव्हा हातात फोन नव्हता. आज ग्रुपवर टाकलं की नाव, तारीख, फोटो सगळं नोंद होतं. फक्त असं टाका:

१) सुरुवातीला "प्रयोग" हा शब्द लिहा. पुढच्या हंगामात शोधलं तर सापडेल.
२) गाव, पीक, लागवडीची तारीख, जमीन काळी की हलकी, पाणी ठिबकने की पाटाने, ते लिहा.
३) काय केलं, किती प्रमाणात, एकरी खर्च किती आला.
४) शेजारी चार ओळी जुन्याच पद्धतीने ठेवा. दोन्हीकडचे फोटो एकाच दिवशी काढा. नाहीतर फरक पावसाने पडला की युक्तीने, ते कळणार नाही.
५) फसलं तरी टाका. तुमच्या चार ओळी गेल्या, पण बाकीच्यांची वावरं वाचतील.

टाइप करणं जमत नसेल, तर "प्रयोग" एवढं लिहून खाली व्हॉइस टाका. अहिराणी, गुजरी, भिली, कोणतीही बोली चालेल.

दुसऱ्याचा प्रयोग पुढे पाठवताना त्याचं नाव काढू नका. कोणाचं चांगलं दिसलं म्हणून लगेच सगळ्या वावरात करू नका, आधी चार ओळी. औषधांचं नवं मिश्रण असेल तर फवारणीआधी मला विचारा.

हंगाम संपल्यावर हे सगळे मेसेज काढून सभासदांच्या बैठकीत ठेवू. पटतील ते प्रयोग पुढच्या हंगामात वेगवेगळ्या गावांत, पाच-सहा वावरांत करून बघू. तिथे टिकलं, की मगच कंपनी सगळ्यांना शिफारस करेल. ज्याने पहिल्यांदा केलं, त्याचं नाव त्यावर राहील.

– कृषी सल्लागार, आपली शेतकरी उत्पादक कंपनी, शहादा