भिंगाची सैल टोपी

जुन्या कॅमेऱ्याच्या भिंगावरील धातूची टोपी केवळ धूळ अडविते, अशी समजूत आहे. १९३२ साली निघालेल्या लायका २ या कॅमेऱ्याच्या बाबतीत ती अपुरी ठरते. या कॅमेऱ्यात फिल्मच्या लगत पुढे रबर चढविलेल्या कापडाचा पडदा असतो. टोपी गळून पडली आणि दूरच्या दृश्यासाठी जुळविलेले भिंग सूर्यासमोर राहिले, तर ५० मिलिमीटर नाभीय अंतराचे हे भिंग पडद्यावर सूर्याची जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची प्रतिमा पाडते. भिंगाचे छिद्र पूर्ण उघडे असता सुमारे १४ मिलिमीटर व्यासाचे असते. तेवढ्या क्षेत्रावरील ऊन त्या ठिपक्यात शेकडो पटींनी एकवटते व कापडास भोक पडू शकते. मग छापलेल्या चित्रांवर पांढरे डाग उमटू लागतात.

टोपी टिकते ती आतील मऊ अस्तरामुळे. त्याचे तंतू दबून ३६ मिलिमीटर व्यासाच्या कड्यावर दाब देतात व त्यातून घर्षण उत्पन्न होते. तंतू झिजले की टोपी सैल होते. अशा वेळी जुने अस्तर काढून मखमलीची पट्टी चिकटवावी. येथे हिशेबाची चूक हटकून होते: व्यासांतील फरक १.६ मिलिमीटर असल्यास पट्टी ०.८ मिलिमीटरहून किंचितच जाड हवी, कारण ती दोन्ही बाजूंस येते. चिकटद्रव्य पूर्ण वाळेपर्यंत टोपी भिंगावर चढवू नये. त्याची वाफ काचेवर बसते. दोरी बांधल्याने टोपी हरवत नाही, एवढेच. पडदा जळण्याचा धोका तसाच राहतो.

टोपी घट्ट बसल्यावर मात्र ती काढण्याचे स्मरण ठेवावे लागते. दृश्य पाहण्याची खिडकी भिंगाहून वेगळी असल्याने टोपी लावलेली असतानाही सारे स्वच्छ दिसते, आणि फिल्म कोरी निघते.