शाळेच्या समितीवर कोणास निवडावे?

सन 2009 च्या बालशिक्षण हक्काच्या कायद्याने जिल्हा परिषदेच्या शाळेस व्यवस्थापन समिती असावी असे ठरविले. तिच्यात निदान तीन चतुर्थांश सभासद मुलांचे पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात, आणि वंचित व दुर्बल घटकांतील पालकांस त्यांच्या प्रमाणात स्थान मिळावे. शाळेस आलेले अनुदान कसे खर्ची पडते ह्यावर ही समिती देखरेख करिते.

नियम उत्तम आहे. परंतु आपल्या परभणी जिल्ह्यात गंगाखेड, सोनपेठ ह्या बाजूची पुष्कळ कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीस जातात, ती चैत्राकडे परततात. पालकांची सभा पौषात बोलाविली, तर हात वर करणार कोण? जे घरी राहिले तेच. मग ज्यांची मुले अर्धे वर्ष शाळेस मुकतात, त्यांच्या हंगामी वसतिगृहाची गोष्ट समितीत काढणार तरी कोण?

यरुशलेमेच्या मंडळीतही असेच घडले (प्रे. कृत्ये 6). ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांची रोजच्या वाटणीत उपेक्षा होऊ लागली. तेव्हा प्रेषितांनी निवड लोकांवर सोपविली, आणि निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत! हे वाचताना आम्हांस दर वेळी नवल वाटते.

ह्यास्तव सभा मृगाच्या सुमारास, सायंकाळी घ्यावी. दवंडी तांड्यावरही फिरावी. स्त्री-सभासदाच्या जागी तिच्या धन्याने बसू नये. ऊसतोडकरी पालक निवडला गेला, तर शाळेचा आराखडा तो निघण्यापूर्वी, आश्विनातच, त्यास वाचून दाखवावा.