नकाशा कागदावरचा, घर मातीवरचे

घराचा नकाशा म्हणजे घर नव्हे. पुण्याच्या जमिनीसाठी काढलेला नकाशा आमच्या धानपट्ट्यात जसाच्या तसा चालेल, असे नाही. पाया खोदण्यापूर्वी त्याला दोन परीक्षा द्याव्या लागतात: एक जमिनीची, दुसरी नियमांची. या अभ्यासास कारण घरचेच आहे. आमच्या कुटुंबात महाविद्यालयात आलेला मी पहिला. यंदा आईच्या नावे घरकुल मंजूर झाले आणि नकाशा वाचण्याचे काम साहजिकच माझ्याकडे आले.

प्रथम जमीन पाहू. कन्हार, मोरांड, खरडी, सिहार, बरडी ही मातीची नावे गोंदिया जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या तोंडी असतात. कन्हार म्हणजे काळी चिकण माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते; तिच्यावर उथळ पाया घातल्यास भिंतींना तडे जातात. म्हणून तेथे पाया खालच्या मुरमापर्यंत न्यावा व जोत्यात काळी माती न भरता मुरूम भरावा. बरडीवर तितके खोल जावे लागत नाही.

दुसरा प्रश्न पाण्याचा. २०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेला मोठा पूर आला होता. नदीकाठी पूररेषा आखतात. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत घर बांधता येत नाही. इतरत्रही जोत्याची उंची जुन्या पुराची खूण पाहून ठरवावी.

आता नियम. गावात घर बांधण्यासाठी १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमातील कलम ५२ पाहावे लागते. शहरात २०२० ची एकीकृत विकास नियंत्रण नियमावली. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचे क्षेत्र किमान २५ चौरस मीटर असावे लागते. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे खोलीस ९.५ व स्वयंपाकघरास ५ चौरस मीटर दिले, तर १०.५ उरतात. भिंती, ओसरी आणि धानाची कोठी यांची सोय त्यातच लावावयाची!

खिडक्यांसाठी हीच संहिता उष्ण व कोरड्या हवामानात जमिनीच्या क्षेत्राचा दहावा भाग, तर उष्ण व दमट हवामानात सहावा भाग सांगते. आमच्याकडे मे महिना कोरडा, जुलै दमट. म्हणून खिडकी मोठी, झडपा घट्ट आणि वर रुंद छज्जा, हा मार्ग मला योग्य वाटतो.

योजनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार घर लाभार्थ्याने स्वतः बांधावयाचे असते, ठेकेदार नेमता येत नाही; नमुना निवडण्याची मुभाही त्यालाच असते. ही मुभा पुष्कळांना ठाऊक नसते. सपाट प्रदेशात केंद्रीय निकषाने मिळणारे १ लाख २० हजार रुपये हप्त्याहप्त्याने येतात; चुकलेला पाया पुन्हा घालण्यास त्यात जागा नाही. आम्ही ओसरी पश्चिमेस घेण्याचे ठरविले आहे. दुपारचे ऊन तिच्यावर थांबेल आणि कोठीची भिंत पावसात कोरडी राहील. मित्रहो, आपल्या गावी कोणाचे घरकुल मंजूर झाले असेल, तर कुदळ पडण्याआधी त्यांच्याजवळ बसून नकाशा वाचा.