थर्मोस्टॅटची बांगडी

ब्रॉडवे गाव मागे टाकून आम्ही फिश हिलच्या चढाला लागलो तेव्हा तापमानाचा काटा १८५ अंश फॅरनहाइटवर होता. जूनमधला रविवार, कॉट्सवोल्डमध्ये सहलीला निघालेल्या गाड्यांची रांग, आणि आमच्यापुढे एक कॅराव्हॅन. दुसऱ्या वळणावर काटा २००च्या पुढे गेला. तिसऱ्या वळणावर बायको म्हणाली, "अहो, ही काच आतून धुरकटलीय की बाहेरून?" बाहेरून होती. बॉनेटच्या फटीतून वाफ येत होती. गाडी कडेला घेईपर्यंत रेडिएटरमधलं पाणी ओव्हरफ्लो नळीतून रस्त्यावर सांडलेलं होतं. घरी परतलो ते ब्रेकडाउनच्या ट्रकवरून. पुढच्या आठवड्यात हेड उतरवलं, तर दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरांच्या मधलं गॅस्केट जळालेलं सापडलं.

त्या दिवशी गाडीत अगदी नवा थर्मोस्टॅट होता. तीन आठवड्यांपूर्वी मीच बसवला होता, आणि तो उत्तम चालत होता. म्हणूनच हे लिहावंसं वाटलं.

गाडी १९५९ची ट्रायम्फ टीआर३ए. मी कोव्हेंट्रीत राहतो, आणि ही गाडी याच गावात, कॅनलीच्या कारखान्यात जन्मली. तो कारखाना आता नाही. त्या जागेवरच्या रस्त्यांना हेरल्ड ॲव्हेन्यू, डोलोमाइट ॲव्हेन्यू अशी ट्रायम्फच्या गाड्यांची नावं तेवढी उरलीत. तिचं १९९१ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन स्टँडर्ड व्हॅनगार्डच्या घराण्यातलं, फर्ग्युसनच्या करड्या ट्रॅक्टरमधल्या इंजिनाचं सख्खं भावंड. दणकट, ओल्या लायनरचं. असं इंजिन सहजासहजी रुसत नाही, त्यामुळे ते तापायला लागलं तर दोष आपल्याच हातून झालेला असण्याची शक्यता जास्त.

माझा पहिला दोष कोल्हापुरातून आला. बाबांचं उद्यमनगरात छोटं गॅरेज होतं. मे महिन्यात गगनबावड्याच्या, आंबोलीच्या घाटात तापलेल्या ॲम्बेसिडर यायच्या आणि फिटर पहिलं काम करायचे ते थर्मोस्टॅट काढून टाकायचं. वर्षानुवर्षं गंजक्या पाण्यात अडकून बसलेला थर्मोस्टॅट काढला की फरक पडणारच. त्यामुळे तो उपाय म्हणून रूढ झाला, आणि चांगला थर्मोस्टॅटही त्याच न्यायाने बाहेर जाऊ लागला. ट्रायम्फ घेतल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात ती सिग्नलला जरा वर चढते असं दिसलं, आणि मी काहीही न तपासता थर्मोस्टॅट काढला. तो जुना, पितळी, खाली गोल पत्रा असलेला होता. जड वाटला, जुनाट वाटला. फेकून दिला. त्याची हळहळ मला आजही आहे.

त्यानंतर हिवाळाभर काटा वर यायलाच तयार नव्हता. हीटर गार. ऑइलच्या झाकणाखाली फिकट साय धरू लागली, कारण इंजिन पुरेसं तापलं नाही तर ऑइलमध्ये जमलेला ओलावा उडून जात नाही. थंड इंजिनात पेट्रोल धड जळत नाही, ते लायनरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं आणि झीज वाढते. एवढं सोसून उन्हाळ्यात तरी गाडी थंड राहावी, तर तेही नाही. रांगेत उभी राहिली की आधीपेक्षा जास्त तापायची. थर्मोस्टॅटच नाही, पाण्याची वाट मोकळी, मग तापते कशी? मी पंप बदलला, रेडिएटर धुतला, आणि शेवटी ७४ अंश सेल्सिअसचा नवा थर्मोस्टॅट आणला. व्यास ५४ मिमी, खाचेत चपखल बसला. कमी आकड्याचा घेतला, म्हणजे लवकर उघडेल आणि गाडी थंड राहील, असा हिशेब.

त्या हिशेबात दोन चुका होत्या. एक आकड्याची, आणि ती बहुतेकांची होते. थर्मोस्टॅटवरचा आकडा सांगतो की पाणी किती तापल्यावर व्हॉल्व्ह उघडायला लागेल. म्हणजे तो इंजिनाच्या तापमानाची खालची मर्यादा ठरवतो. वरची मर्यादा ठरवतात रेडिएटर, पंखा, पंप आणि समोरून येणारा वारा. चढावर पाणी ९५ अंशांवर पोचलं की ७४चा थर्मोस्टॅट पूर्ण उघडा असतो आणि ८२चाही. तिथून पुढे दोघांत काही फरक नाही. कमी आकड्याने फार तर उकळी चार मिनिटं उशिरा येते.

दुसरी चूक मोठी. ती मला दाखवली आमच्याच भागातल्या एका म्हाताऱ्या ट्रायम्फवाल्याने. त्याने माझ्या जळालेल्या गॅस्केटकडे पाहिलंही नाही. थर्मोस्टॅट हातात घेतला, उलटा केला आणि विचारलं, "याची बाही कुठे गेली?" मी तिला बांगडी म्हणतो, कारण दिसते तशीच.

टीआरच्या थर्मोस्टॅट घरातून पाण्याला दोन वाटा आहेत. एक रेडिएटरच्या डोक्याकडे. दुसरी बाजूने निघणाऱ्या आखूड होजमधून थेट पंपाकडे, तो बायपास. इंजिन थंड असताना व्हॉल्व्ह बंद असतो, पण पाणी फिरत राहायला हवं. नाहीतर हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हांभोवती ते जागच्या जागी तापतं आणि थर्मोस्टॅटला त्याची खबरही लागत नाही. म्हणून बायपास. मात्र इंजिन तापल्यावर हीच वाट घातक ठरते. पंपाच्या दृष्टीने ती सोपी, जवळची. रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून पाणी ओढण्यापेक्षा हेडमधून नुकतंच बाहेर पडलेलं गरम पाणी तो बायपासमधून परत ओढतो. त्या पाण्याला वारा लागलेलाच नसतो. जुन्या थर्मोस्टॅटला व्हॉल्व्हबरोबर वर सरकणारी बांगडी होती ती यासाठी. व्हॉल्व्ह उघडला की बांगडी वर सरकून बायपासचं तोंड झाकायची आणि सगळं पाणी रेडिएटरकडे जायचं.

म्हणजे मी थर्मोस्टॅट काढला तेव्हा बायपास कायमचा उघडा केला. नवा बसवला तेव्हाही उघडाच ठेवला, कारण आजच्या साध्या थर्मोस्टॅटला बांगडी नसते. काहींना खाली स्प्रिंगवर चकती असते, पण ती खालच्या बाजूला बायपास असलेल्या इंजिनांसाठी. टीआरचं तोंड बाजूला आहे. तिथे चकती निरुपयोगी.

तेव्हा जुन्या स्पोर्ट्स कारसाठी थर्मोस्टॅट घ्यायला निघालात, तर आकड्याच्या आधी थर्मोस्टॅट घराचं झाकण उघडून आत बोट फिरवा. बायपासचं तोंड कुठे आहे? मूळचा थर्मोस्टॅट ते झाकत होता का? जॅग्वारच्या एक्सके इंजिनांत, म्हणजे एक्सके १२०पासून ३.८ लिटरच्या ई-टाइपपर्यंत, हीच तऱ्हा आहे: वॉटर मॅनिफोल्डमधली खाच झाकणारा थर्मोस्टॅट हवा. तिथे नुसता व्यास जुळवून बसवलेला भाग माझ्यासारखीच फसवणूक करतो. दुकानाच्या यादीत 'बसतो' असं लिहिलेलं असतं, आणि तो खरंच बसतो.

बांगडीचे थर्मोस्टॅट आज मिळतात ते बहुतेक जुन्या साठ्यातले. त्यांच्यात धातूचा भाता असतो, आत लवकर उडणारा द्रव. तो तापला की भाता फुगतो आणि व्हॉल्व्ह उचलतो. या भात्याचा एक मोठा गुण असा की तो फाटला तर सहसा व्हॉल्व्ह उघडा राहतो आणि तुम्ही घरी पोचता. नव्या मेणाच्या थर्मोस्टॅटमधलं मेण गळालं तर व्हॉल्व्ह बंदच राहतो. भात्याचा दोष असा की पाण्याच्या दाबाचा त्याच्यावर परिणाम होतो. रेडिएटरच्या मूळच्या ४ पौंडी झाकणाऐवजी जास्त दाबाचं झाकण लावलंत, तर तो उशिरा उघडतो. मेणाला दाबाची फिकीर नसते.

मी दुसरी वाट धरली. ८२ अंशांचा मेणाचा थर्मोस्टॅट, आणि बायपासच्या होजमध्ये तांब्याचं एक बूच, त्याला मधोमध साधारण ६ मिमीचं भोक. पूर्ण बंद केलेलं नाही, थंड इंजिनात पाणी फिरायला तेवढं भोक पुरतं. भात्याचा चांगला, तपासलेला थर्मोस्टॅट हाती लागला तर मी तोच बसवीन, पण चांगला म्हणजे खरंच चांगला. पन्नास वर्षं खोक्यात पडलेली वस्तू नवी नसते.

आकड्याचंही सांगून टाकतो. इंग्लंडमध्ये बारा महिने ८२. एमजीबीसारख्या गाड्यांना ७४, ८२ आणि ८८ असे तिन्ही मिळतात. ८८ कडाक्याच्या थंडीसाठी, ७४ उष्ण प्रदेशासाठी. पुण्या-मुंबईत एमजी चालवणाऱ्याने ७४ लावावा, पण काढून टाकू नये.

कोणताही थर्मोस्टॅट बसवण्यापूर्वी उकळून बघा. आमच्या घरी एक जुनं पातेलं याच कामाला ठेवलंय, कारण ते पुन्हा स्वयंपाकाला वापरायचं नाही. थर्मोस्टॅटचा व्हॉल्व्ह बोटाने किंचित उघडून त्यात दोरा अडकवा आणि त्या दोऱ्यावर तो पाण्यात असा लटकवा की तळाला टेकणार नाही. शेजारी थर्मामीटर. गॅस मंद. ज्या क्षणी व्हॉल्व्ह उघडतो, दोरा सुटतो आणि थर्मोस्टॅट टपकन तळाशी पडतो. तो आकडा लिहून ठेवा. मग पाणी पुढे तापवत न्या आणि व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो का, बांगडी असेल तर ती सरळ सरकते का, तेही पाहा. मी आतापर्यंत सात तपासले. एक नवाकोरा ८२चा ९० ओलांडेपर्यंत हललाच नव्हता.

बाबांना हे सगळं फोनवर सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "माळ्यावर डबाभर पडलेत रे, आपण काढलेले. बघतो." दोन दिवसांनी त्या थर्मोस्टॅटांचा फोटो आला. त्यातल्या तिघांना खाली बांगडी होती.

थर्मोस्टॅटलाच सगळा दोष देऊ नका, हेही सांगायला हवं. माझं हेड बसवण्याआधी ब्लॉकच्या मागच्या ड्रेनच्या भोकातून तार घातली, तर चौथ्या लायनरभोवती वाटीभर चिखल निघाला. तो असताना कुठलाच थर्मोस्टॅट काही करू शकला नसता. टीआरच्या ग्रिलपासून रेडिएटरपर्यंत वारा नेणारे पुठ्ठ्याचे पडदे होते, ते माझ्या गाडीत नव्हतेच. पुठ्ठा कापून बसवले, आणि काटा खाली आला. हेड उतरवलं असेल तर लायनर ब्लॉकच्या वर ३ ते ५ हजारांश इंच उभे आहेत का, ते मोजून घ्या. ते खाली दबलेले असतील तर नवं गॅस्केटही टिकणार नाही.

बसवताना थर्मोस्टॅटच्या चकतीत हवा जायला बारीक भोक आहे का पाहा. नसेल तर ३ मिमीचं पाडा आणि ते भोक वरच्या बाजूला येईल असा बसवा. नाहीतर खाली हवेचा फुगा अडकतो, मेणाला पाणी लागत नाही, आणि नवा थर्मोस्टॅट बंदच राहतो. पाणी भरताना हीटरचा नळ उघडा ठेवा, गाडीचं नाक चढावर ठेवा, सावकाश भरा. इंजिन तापलेलं असताना झाकणाला हात लावू नका आणि रिकाम्या, तापलेल्या ब्लॉकमध्ये गार पाणी ओतू नका, घरी पोचायची कितीही घाई असली तरी. पहिली फेरी घराजवळच मारा, चार-पाच मैलांची. इंजिन पूर्ण गार झालं की झाकण उघडून पातळी बघा. माझ्या गाडीत दर वेळी पाव लिटरभर पाणी कमी झालेलं असतं.